सरपंचबाई जेठासमोर

बेबाबाईला आवाज नाही असं कुणी म्हणालं, तर त्याला खुशाल वेचणीच्या दिवसांत गिरणाकाठच्या शेतात नेऊन उभं करावं. चार शेतं पलीकडे कापूस वेचणाऱ्या मंजुळाबाईला ती जागेवरून हाक मारायची आणि मंजुळाबाई तिथूनच ओ द्यायची. नळावरची बाचाबाची असो, भाजीवाल्याशी घासाघीस असो की हळदीची गाणी, बेबाबाई असली की बाकीच्यांनी नुसतं मागं म्हणायचं. नवरा लीलाधर म्हणजे गरीब गाय. तो म्हणायचा, आमच्या घरात रेडिओ घ्यायची वेळच आली नाही.

पण हीच बेबाबाई जेठाची चाहूल लागली की चिडीचूप. अंगणात त्यांच्या चपला वाजल्या की डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत यायचा आणि वाक्य अर्धं असलं तर अर्धंच राहायचं. जेठ म्हणजे लीलाधरचे थोरले भाऊ, जीवराम आबा. आमच्या भडगावकडच्या गावांत धाकट्या भावाची बायको जेठाशी बोलत नाही. तो आला की बसलेली असली तर उठते, तोंड फिरवते आणि आत जाते. जेठही तिच्याशी बोलत नाही. काही सांगायचंच झालं तर मध्ये कुणीतरी लागतं, आणि कुणी नसलं तर भिंत आहेच. आबांनी भिंतीकडे बघून म्हणायचं, “सांगा रे घरात, दोन माणसं जेवाले येतीन.” आतून बेबाबाईने बांगड्या वाजवायच्या. बांगड्या वाजल्या म्हणजे ऐकलं, कबूल आहे, होऊन जाईल.

लग्न होऊन आली तेव्हापासून हे असंच. आता केस पिकले, नातवंडं झाली, तरी आबांशी ती एक शब्द बोललेली नाही. गंमत बघा, शेतातली तिची हाक अर्ध्या गावाला ऐकू जायची, म्हणजे आबांनाही जातच असणार. पण ते ऐकणं धरायचं नसतं.

आणि अशा बाईला सरपंच केलं कुणी, तर आबांनीच!

झालं असं, की सरपंचपद बायांसाठी राखीव निघालं. त्याआधी खुर्ची आबांची होती आणि ती घराबाहेर जाऊ द्यायची त्यांची तयारी नव्हती. त्यांची सून कामिनी उभी राहिली असती, पण तिला तिसरं लेकरू झालेलं, म्हणजे कायद्याने बाद. मग आबांनी विचार केला. घरातली हवी, दोनच लेकरांची हवी आणि तोंड न उघडणारी हवी. त्यांच्या दृष्टीने आख्ख्या गावात बेबाबाईइतकी गप्प बाई नव्हती. हे ऐकून गाव पोट धरून हसलं, आणि मतं मात्र भरभरून दिली. आबा स्वतः सदस्य म्हणून निवडून आले आणि उपसरपंच झाले.

पहिल्याच सभेत पंचाईत. सरपंचाने खुर्चीवर बसायचं, आणि समोर जेठ! बेबाबाई दारातच उभी. ग्रामसेवक भाऊसाहेब जळगावचे, त्यांना कळेना बाई आत का येत नाही. मग कुणीतरी कानात सांगितलं. भाऊसाहेबांनी सरपंचाची खुर्ची उचलली आणि तिचं तोंड लोखंडी कपाटाकडे केलं. झालं! तेव्हापासून पंचायतीत ती खुर्ची तिरकीच असते. सभा चालायची ती अशी: आबा बोलणार, बाकीचे माना डोलावणार, भाऊसाहेब विचारणार, “सरपंचबाई?” की कपाटाकडून बांगड्या वाजणार. भाऊसाहेब लिहिणार, सरपंचांची संमती. गटारी झाल्या, दिवे लागले, स्मशानभूमीला पत्रे आले, बठ्ठं, म्हणजे सगळं, बांगड्यांवर. बेबाबाईला त्याचं काही वाटायचं नाही. खरं सांगायचं तर बऱ्याच वर्षांपासून तिला कशाचंच फारसं काही वाटत नसे.

ते कधीपासून, हे तिला बरोबर माहीत होतं. थोरली मयुरी सहावीत होती आणि धाकटा चंदन अंगावर पीत होता. वेचणी जोरात आलेली. मालक म्हणाला, बाई, लेकरू घेऊन आलीस तर निम्मा वेळ त्यातच जातो, उद्यापासून येऊ नकोस. त्या संध्याकाळी आबा ओट्यावर आले आणि भिंतीला म्हणाले, “पोरले सांगा, सकायपासून शाळामा जावानं नही. पोऱ्याले कोण संभाळी?” दाराआड बेबाबाई पीठ मळत होती. तिच्या तोंडात एक आख्खं वाक्य आलं होतं, अगदी दातांपर्यंत. हात पिठातच राहिले. मग तिने बांगड्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी मयुरीने चंदनला कडेवर घेतलं आणि वर्षभरात तिच्या वह्यांच्या कागदांत शेंगदाणे बांधले गेले. मयुरी रडली नाही, बेबाबाईही रडली नाही. पायाला मुंग्या येऊन पाय मेल्यासारखा होतो ना, तसं तिच्या आत काहीतरी झालं, आणि तो पाय पुन्हा जागा झालाच नाही.

मयुरीचं लग्न पिंपळनेरला झालं. जावई कामाला सुरतेला गेला तो तिकडचाच झाला, आणि मयुरी दोन लेकी घेऊन माहेरी आली. थोरली ईश्वरी चौथीत, धाकटी राणू नुकती बसायला लागलेली. मयुरी केळीच्या पॅकहाऊसवर जाते. सकाळी उजाडताना पिकअप गाडी येते, गावातल्या बाया भरते आणि नेते. दिवसभर केळीचे फणे धुवायचे, पुसायचे, खोक्यात भरायचे. लेकरं आणायची नाहीत, हा तिथला पहिला नियम. मग लेकरं कुठे ठेवायची? सासू असली तर तीही कुणाच्या तरी शेतात निंदायला. अंगणवाडी आहे, पण ती दुपारपर्यंत, आणि अंगावरच्या लेकराला तिथे घेत नाहीत. मग उरते कोण, तर घरातली थोरली मुलगी. गुरुजी हजेरी घेतात तेव्हा पोरांची नावं सलग येतात आणि पोरींची मध्येमध्ये गळतात. बेबाबाई सरपंच झाली तरी निंदणीला जायची सुटली नव्हती. सरपंचाच्या मानधनात घर चालतं असं ज्याला वाटतं, त्याने एकदा सरपंच होऊन बघावं!

आठवड्यातून दोनदा तरी ईश्वरी घरी राहायला लागली. मग तीनदा. बेबाबाई बघत होती आणि बोलत नव्हती.

अशात जळगावला सरपंच बायांचं प्रशिक्षण निघालं. बेबाबाई गेली ती जेवण चांगलं असतं म्हणून. तिथे एक मॅडम बोलता बोलता म्हणाल्या, की कामावर जाणाऱ्या बायांच्या लेकरांसाठी अंगणवाडीला जोडून पाळणाघर करता येतं. सांभाळायला बाई मिळते, खाऊ मिळतो. गावाने फक्त एक धड खोली द्यायची आणि तसा ठराव करायचा. बेबाबाईने हातातला लाडू खाली ठेवला. सगळ्यांसमोर उठून उभी राहिली आणि आपल्या त्या शेतातल्या आवाजात विचारलं, “खोली कशी लागते? न्हाणी पाहिजे का? दाराला कडी आतून का बाहेरून?” मॅडम दचकल्याच. तिथे जेठ नव्हते ना.

खोली तर होती. पंचायतीला लागूनच शाळेच्या भिंतीशी एक जुनी मोठी खोली होती, पूर्वी त्यात रेशनचं धान्य ठेवायचे. पक्की फरशी, दोन खिडक्या, नळ बाहेर. गावात येऊन बेबाबाईने पहिलं घर गाठलं ते शहनाजचं. शहनाज पंचायतीतली सदस्य. तिचा नवरा हबीब फवारणीचे पंप दुरुस्त करतो आणि ती शिलाईकाम करते. बोलायला एकदम फटाका. दोघींनी मंजुळाबाईला धरलं, तीही सदस्य. मग तिसरी सदस्य मोहिनी, तिला. पिकअपची वाट बघणाऱ्या बायांमध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता. पाळणे कोण देणार, झोळ्या कुठे बांधायच्या, सगळं ठरून गेलं. ईश्वरीने आजीला विचारलं, “मग मी रोज शाळामा जासू का?” बेबाबाई म्हणाली, “रोज.” आणि म्हणताना आत कुठेतरी मुंग्या आल्यासारखं झालं, म्हणजे पाय जागा होताना होतं तसं. तिला ते बरं वाटलं नाही, दुखलंच.

पण त्याच खोलीवर आबांचा डोळा होता. त्यांना तिथे व्यायामशाळा करायची होती. गावातली जवान पोरं मागे लागली होती, साहित्य कुणा पुढाऱ्याकडून येणार होतं, आणि जवान पोरं म्हणजे पुढच्या निवडणुकीची मतं. आबा काही वाईट माणूस नव्हेत. त्यांना खरोखरच वाटत होतं की लेकरं ही घरातली गोष्ट आहे आणि व्यायामशाळा ही गावाची.

सभेच्या दिवशी बाहेरच्या ओट्यावर बाया येऊन बसल्या, त्यात कामाला खाडा करून आलेली मयुरीही होती. आत खुर्ची तिरकीच. बेबाबाई कपाटाकडे तोंड करून बसली. सुपडू नावाचा एक सदस्य लग्नाला सुरतेला गेलेला, तेव्हा सरपंच सोडून आत तीन पुरुष आणि तीन बाया. शहनाजने विषय मांडला. आबा म्हणाले, “बायांचं बायांनी घरात बघावं. लेकरं आजवर वाढलीच ना?”

शहनाज म्हणाली, “वाढली, आबा. कुणाच्या कडेवर वाढली ते विचारा. बहिणीच्या! तुमची पोरं इथे दंड काढतील आणि त्यांच्या बहिणी घरी झोळी हलवत बसतील. हा कुठला न्याय?”

आबांच्या बाजूचा सदस्य पितांबर म्हणाला, व्यायामशाळेने गावाचं नाव होतं. मंजुळाबाई म्हणाली, नाव चाटायचं का? थोडी हसाहशी झाली, थोडी आदळआपट झाली. शेवटी भाऊसाहेबांनी पाळणाघराच्या बाजूने हात वर करायला सांगितले. तिन्ही बायांचे हात वर. विरोधात तिन्ही पुरुष. मोजायला काही नव्हतंच. सगळ्यांची तोंडं कपाटाकडे वळली.

“सरपंचबाई,” भाऊसाहेब म्हणाले, “मतं समान पडलीत. आता तुमचं मत काय ते. तुम्ही म्हणाल तसं होईल.”

 बेबाबाईच्या तोंडात वाक्य तयार होतं. रात्रंदिवस घोकलेलं, साधं, खोली पाळणाघराला द्या. तिने श्वास घेतला. आणि पाठीमागे आबा खाकरले. नुसते खाकरले हो, रोज खाकरतात तसे. मग भिंतीकडे बघून म्हणाले, “विचारा तिले, गावना पोरससाठे व्यायामशाळा होवाले पाहिजे, हाईच ना?”

जेठांचा आवाज ऐकला की पदर ओढायचा, हे तिच्या हाताला कुणी सांगावं लागत नव्हतं. हात आपोआप डोक्याकडे गेला. आणि बांगड्या वाजल्या.

भाऊसाहेबांनी मान खाली घातली आणि सवयीने लिहिलं, सरपंचांची संमती.

शहनाज ओरडली, “अरे ती पदर घेतेय! थांबा! अक्का, बोला ना! अक्का!” भाऊसाहेबांचा हात थांबला. त्यांनी वर पाहिलं. तेवढा वेळ होता, चांगला भरपूर वेळ होता. एक ‘नाही’ म्हटलं असतं तरी पुरलं असतं. बेबाबाई कपाटाकडे बघत राहिली. कपाटाचा रंग उडालेला होता आणि कडीला सुतळी बांधलेली होती, आणि ती सुतळी कुणी आणि कशाला बांधली असेल, एवढंच तिच्या डोक्यात आलं.  आबा उठले, पितांबर उठला, सभा संपली.

ओट्यावर शहनाजने तिला गाठलं. “हे काय केलंत अक्का? आता कितीतरी महिने हा विषय परत घेता यायचा नाही. का नाही बोललात?”

“माले बी समजनं नही,” बेबाबाई म्हणाली. आता आवाज येत होता. मोठा, खणखणीत. तिचा तिलाच राग यायला हवा होता, पण तोही आला नाही. बाया एकेक करून उठल्या. कुणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मयुरी नुसती म्हणाली, “राहू दे माय,” आणि राणूला घेऊन पुढे चालायला लागली. हे ‘राहू दे’ ती सहावीतही असंच म्हणाली होती.

घरी बेबाबाईने भाकरी केल्या, लीलाधरला वाढलं, स्वतःही खाल्ली. चव लागली नाही, तरी खाल्ली.

सकाळी पिकअप आली. हॉर्न वाजला. मयुरी डबा भरत होती. बेबाबाईने पाहिलं, तर ईश्वरी शाळेचा गणवेश घालून तयार होती, रिबिनी बांधलेल्या. पोरीने आईकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं. मग कुणी काही न सांगता आत गेली, गणवेश काढून खुंटीला अडकवला, घरचा फ्रॉक घातला आणि बाहेर येऊन राणूला घ्यायला हात पुढे केले. तिला कुणी सांगितलं नव्हतं. भिंतीलासुद्धा कुणी सांगितलं नव्हतं.

बेबाबाईने मध्येच राणूला उचललं. “गणवेश घाल,” ती म्हणाली.

“पण आजी...”

“घाल म्हनस ना!” हा शेतातला आवाज होता. ईश्वरी पळाली.

त्या खोलीची किल्ली सरपंचाकडेच असते. बेबाबाई राणूला कडेवर घेऊन गेली, कुलूप काढलं, फरशी झाडली, घरून आणलेली गोधडी अंथरली. कुठला विचार केला होता म्हणाल, तर काही नाही. पिकअपकडे निघालेल्या बायांनी उघडं दार पाहिलं. पहिली थांबली, तिने विचारलंसुद्धा नाही, लेकरू गोधडीवर ठेवलं आणि गाडीकडे धावली. मग दुसरी. मंजुळाबाईने नातू आणला आणि सोबत दोन पातळांच्या झोळ्या आणल्या. गाडी गेली तेव्हा खोलीभर लेकरं होती, निम्मी रडणारी. बेबाबाईने एकेकाला घेतलं, थोपटलं, गप्प केलं. बांगड्यांच्या आवाजाने राणू सारखी दचकत होती, म्हणून तिने बांगड्या वर सारून कोपराखाली घट्ट बसवल्या. पलीकडे शाळेत प्रार्थना सुरू झाली. त्यात ईश्वरीचा आवाज ओळखू येतो का, म्हणून तिने कान दिला, पण ओळखू आला नाही.

बऱ्याच वेळाने सगळी झोपली. राणू मांडीवर. तेवढ्यात बाहेर चपला वाजल्या.

आबा आले होते, सोबत पितांबर आणि मोजायची टेप. व्यायामशाळेचं सामान कुठे बसेल ते बघायला. आबा दारात आले आणि थबकले. बेबाबाईचं डोकं उघडं होतं, कारण पदर राणूच्या अंगावर होता. उठायला हवं होतं, तोंड फिरवायला हवं होतं. पण मांडीवर पोर झोपलेली. ती उठली नाही.

आबांनी मान वळवली आणि मोठ्याने म्हणाले, “पितांबर, तिले सांग, ठराव व्हयेल शे. खोली मोकळी कर म्हना.”

पितांबर वाट बघत राहिला. आबाही वाट बघत राहिले, बांगड्यांची. बांगड्या कोपराखाली अडकलेल्या, हातावर राणूचं डोकं. झोळीतलं एक लेकरू चुळबुळलं.

“हळू बोला, आबा,” बेबाबाई म्हणाली. “पोर झोपेल शे.”

पितांबरच्या हातातली टेप सर्रकन आत गेली. आबांनी वळून पाहिलं. भिंतीकडे नाही, तिच्याकडे. आणि त्यांच्या तोंडातून जे आलं ते अगदी दबक्या आवाजात आलं.

“कवय उठी?”

“उठी तवय उठी.”

 आबांनी पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि वाजू न देता ओट्यावरून उतरले. पितांबर त्यांच्या मागून गेला.

आपली छाती धडधडेल म्हणून बेबाबाई वाट बघत बसली. धडधडली नाही. छप्पर पडलं नाही, जेठ कोसळले नाहीत, कुणाची जीभ झडली नाही. एवढंच होतं होय ते! काल या खोलीच्या पलीकडे, त्या कपाटासमोर बोलायचं होतं तेही एवढंच होतं. ठराव आता कागदावर गेला होता, आबा उद्या परत येणार होते, चार माणसं घेऊन येणार होते. आणि दाराआड पीठ मळताना जे तोंडात आलं होतं, ते तरी केवढं होतं? तिला ते अजून पाठ होतं. लेकरं उठू नयेत म्हणून तिने ते हळूच म्हणून पाहिलं.

“पोरले शाळामा जाऊ द्या, आबा.”

म्हणायला एक श्वाससुद्धा पुरा लागला नाही. मग मात्र तिला रडू आलं, इतक्या वर्षांनी, आवाज न करता, मांडी हलू न देता. ऐकायला कुणी नव्हतं. मयुरी पॅकहाऊसवर केळी धूत होती.